गायनिकची तीन वर्षे : स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातील निवासी प्रशिक्षण आणि आपला समाज

आपल्याकडे मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला की विहारात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, चार भाषणे, चौकात फ्लेक्स. एमबीबीएस होऊन ती पुढे पदव्युत्तर शिक्षणाला लागली तर फ्लेक्स मोठा होतो. त्यानंतर ती कुठे असते, काय करते, कशातून जाते, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. चौसाळ्यात गेली काही वर्षे सामाजिक काम करताना मीही विचारत नव्हते. माझ्या एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने रात्री अडीचला फोन करून, "ताई, दोन दिवस झाले अंघोळ नाही, आणि इथे सगळ्यांसमोर माझी रँक विचारतात," असे सांगितले, तेव्हा या प्रशिक्षणाची मला पहिल्यांदा ओळख झाली. कार्यकर्त्यांना आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावी म्हणून ती माहिती इथे देत आहे.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण

साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली की एमबीबीएस पूर्ण होते. त्यानंतर नीट-पीजी परीक्षा देऊन तीन वर्षांच्या एमएस (स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र) अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. रुग्णालये आणि विद्यार्थी या शाखेला 'गायनिक' किंवा 'ओबीजी' म्हणतात. हे शिक्षण वर्गात कमी आणि वॉर्डात जास्त होते. विद्यार्थी रुग्णालयातच राहतो, म्हणून 'निवासी'. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १८८९ मध्ये ते सुरू झाल्यानंतर, ही पद्धत रुजली आणि तिथून जगभर गेली. पहिल्या वर्षाचा जेआर-१, दुसऱ्याचा जेआर-२, तिसऱ्याचा जेआर-३ अशी उतरंड असते. त्यांना विद्यावेतन मिळते. म्हणजे हे विद्यार्थीही आहेत आणि कामगारही. सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता आपल्या बाईला तपासणारी व्यक्ती बहुतेक वेळा हीच असते.

एमएसशिवाय आणखी वाटा आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी आहे. त्याच मंडळाने २०२० नंतर दोन वर्षांची पदविकाही सुरू केली आणि ती जिल्हा रुग्णालयांतही चालवता येते. मुंबईच्या सीपीएस या १९१२ पासूनच्या संस्थेच्या डीजीओ पदविकेवर महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांची बाळंतपणे चालली. मात्र तिथे आज प्रवेश घेण्यापूर्वी मान्यतेची सद्यस्थिती स्वतः तपासावी. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नयेत.

चौसाळ्याच्या बाईपर्यंत हे कसे पोहोचते

आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सरळ बाळंतपण असेल तर तिथे होते. बाळ आडवे असेल, रक्तदाब वाढला असेल, कळा येऊन वाट मोकळी होत नसेल, तर केस 'रेफर' होते. १०८ आली की गाडी धुळे-सोलापूर महामार्गाने बीडच्या जिल्हा रुग्णालयाकडे. तिथूनही पुढे पाठवायचे ठरले तर अंबाजोगाई. ज्यांनी हा प्रवास पोटुशी बाईचा हात धरून केला आहे त्यांना त्याची लांबी किलोमीटरमध्ये सांगायची गरज नाही.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते. गायनिकचे निवासी डॉक्टर आपल्या जिल्ह्यात घडतात ते इथे. दुसऱ्या बाजूला धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नव्या महाविद्यालयात आधी एमबीबीएसच्या जागा येतात, पदव्युत्तर जागा नंतर, अध्यापक आणि खाटा दाखवल्यावर. त्यामुळे 'कॉलेज आले' एवढ्याने बाळंतपणाचा डॉक्टर येत नाही. निवेदन देताना पदव्युत्तर जागा आणि रिक्त अध्यापकपदे असे नेमके शब्द वापरा.

आता एक नियम लक्षात ठेवण्यासारखा. २०२० च्या अधिसूचनेने 'जिल्हा निवासी कार्यक्रम' आला. त्यानुसार प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याने शिक्षणाच्या मधल्या टप्प्यात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करायचे असते. त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे मोठ्या शहरात शिकणारा गायनिकचा विद्यार्थीही तीन महिने एखाद्या जिल्हा रुग्णालयात असतो. आपल्या जिल्हा रुग्णालयात सध्या कोणत्या विषयाचे किती निवासी आले आहेत आणि ते प्रसूतिकक्षात आहेत की कागदपत्रे भरत बसले आहेत, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारता येते. मी विचारले तेव्हा आधी सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग माहिती मिळाली.

तीन वर्षांत काय शिकतात

पहिले वर्ष प्रसूतिकक्षाचे. कळा मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे, पार्टोग्राफ भरणे, रक्ताचे नमुने, केस पेपर, रक्तपेढीच्या फेऱ्या. सरळ बाळंतपण करणे आणि टाके घालणे याच वर्षी हाताला बसते. दुसऱ्या वर्षापासून सिझेरियन, कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया, गर्भपिशवीची सफाई, सोनोग्राफी. तिसऱ्या वर्षी मोठ्या शस्त्रक्रिया अध्यापकाच्या देखरेखीखाली, इमर्जन्सी सांभाळणे आणि धाकट्यांना शिकवणे. महाविद्यालयागणिक यात थोडा फरक असतो. सोबत एक प्रबंध लिहायचा, केलेल्या प्रत्येक कामाची लॉगबुकमध्ये नोंद करायची आणि शेवटी चार लेखी पेपर व प्रात्यक्षिक. आपल्या राज्यात बहुतेकांची ही परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते.

पण खरे शिक्षण वेळ ओळखण्याचे असते. बाळंतपणात बाई दगावते ती मुख्यतः अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके आणि जंतुसंसर्ग यांमुळे. तिन्ही ठिकाणी अर्ध्या तासाचा फरक जीवनमरणाचा असतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, देशात ९७ आणि केरळमध्ये १९. आपले राज्य पुढे आहे हे खरे, पण राज्याची सरासरी चौसाळ्याच्या पालावर राहणाऱ्या बाईला लागू पडेलच असे नाही.

पिशवी कधी काढायची नाही, हेही शिकावे लागते

बीड जिल्ह्यात हा विषय ऊसतोडीपासून वेगळा करता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता निघतो तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. एका दिवसाचा खाडा झाला तरी उचलीतून पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस, अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे या सगळ्यावर एकच उपाय सांगितला गेला : पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलेल्या आकड्यानुसार तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ महिलांची गर्भपिशवी काढली गेली होती. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा बायांमागे एक. यातल्या कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते.

याचा निवासी प्रशिक्षणाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध सरळ आहे. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर आधी तपासणी, गर्भाशयमुखाची पॅप चाचणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास आतल्या अस्तराचा तुकडा तपासणे, औषधे, हार्मोनची तांबी, आणि या सगळ्यानंतर शस्त्रक्रियेचा विचार, हा क्रम निवासी डॉक्टर वॉर्डात शिकतो. अंडाशय काढले तर तिशीतल्या बाईची हाडे आणि हृदय लवकर म्हातारे होतात हेही तो तिथेच शिकतो. शिकूनही नंतर कोणी धंद्यासाठी तो क्रम मोडत असेल, तर तो अज्ञानाचा भाग राहत नाही. बीडच्या प्रकरणानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत लागू झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. पाड्यावर किंवा पालावर बैठक घेताना 'दुसरे मत सरकारी रुग्णालयात फुकट मिळते' हे एवढे वाक्य मी आता प्रत्येक वेळी सांगते.

सोनोग्राफीचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात एक हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा १९९४ चा. यंत्र चालवायला शिकवणारे आणि कायदा शिकवणारे एकच असतात, म्हणून विभागात काय बोलले जाते याला महत्त्व आहे.

सुईणीपासून लेबर रूमपर्यंत

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मराठवाड्यातील अनेक गावांत नाळ कापणारी सुईण मांग किंवा महार वस्तीतली असे. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई आणि विटाळाचे काम आपल्या बायांच्या वाट्याला. ज्ञान त्यांचे होते, मान मात्र नव्हता. बाळंतपण रुग्णालयात गेले, पदवी आली, पगार आला, तेव्हा त्या खोलीत निर्णय घेणारे लोक बदलले. सुईणीची नात आता त्या खोलीत डॉक्टर म्हणून जाते आहे. तिच्याकडे 'ही इथे कशी' या नजरेने पाहिले जाते, याचे मूळ इतके जुने आहे.

आणि त्या खोलीतली भाषा. कळा देणाऱ्या बाईला शिवी, मांडीवर चापट, 'आधी कळले नव्हते का' असे टोमणे हे कित्येक बायांनी मला सांगितले आहे. एका रुग्णालयात मी स्वतःच्या कानांनी ऐकले, बोलणारी जेआर-१ होती आणि तीस तास जागी होती. थकवा हे स्पष्टीकरण आहे, सबब नाही. पण धाकटा डॉक्टर वरच्याचे पाहून शिकतो हेही खरे. २०१७ मध्ये केंद्राने 'लक्ष्य' कार्यक्रम आणला. त्यात प्रसूतिकक्षात सन्मानाची वागणूक आणि सोबतीला एक बाई असू देणे हे निकष आहेत. मुंबईच्या 'सेहत' संस्थेने आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर लिंगभावाचे धडे वैद्यकीय शिक्षणात आणण्याचे काम केले. २०१८ मध्ये एमबीबीएसच्या पाच विषयांसाठी ते स्वीकारले गेले, त्यात स्त्रीरोगशास्त्रही आहे. अंबाजोगाईच्या अध्यापकांचाही त्या कामात सहभाग होता. हे आपल्या लोकांना फारसे माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला.

प्रवेश, आरक्षण, कागद

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना ७.५ टक्के आरक्षण. उरलेल्या जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो, तिथे अनुक्रमे १३ आणि ७ टक्के. अभिमत विद्यापीठांत हे आरक्षण मिळत नाही आणि फीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

बौद्ध विद्यार्थ्यांसाठी खास सूचना. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती लागू झाल्या. तरी केंद्राच्या समुपदेशनासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. नुसता 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला तिथे अडू शकतो. जात वैधता प्रमाणपत्रही आधीच काढून ठेवा. मुलीची रँक आली आणि बाप समितीच्या पायऱ्या झिजवतोय, हे मी दोनदा पाहिले आहे. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा.

शासकीय महाविद्यालयातून एमएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती न केल्यास दंड ५० लाखांचा. पण ही सेवा ओझे म्हणून पाहू नका. आपल्या तालुक्याला बाळंतपणाचा डॉक्टर मिळण्याची ती एक खात्रीची वाट आहे.

आणि 'कोट्यातली' या शब्दाचे उत्तर तोंडपाठ असू द्या. आरक्षण प्रवेशाच्या दारात असते. अंतिम परीक्षेचे चारही पेपर सगळ्यांना तेच, उत्तीर्ण होण्याचे गुण तेच, आणि टेबलावरच्या बाईचा रक्तस्राव थांबवताना रँक उपयोगी पडत नाही.

डॉ. पायल तडवी

हे नाव घेतल्याशिवाय या विषयावर लिहिता येणार नाही. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात गायनिकचीच निवासी डॉक्टर होती. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ करून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवण्यात आला, ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागली, आरोपपत्र दाखल होऊन खटला विशेष न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना त्यांचे शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली. पायलचे शिक्षण मात्र दुसऱ्या वर्षात थांबले ते थांबलेच. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्येच उच्च शिक्षणातील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

आपण तेव्हा मोर्चे काढले. काढायलाच हवे होते. पण मृत्यूनंतरचा मोर्चा आणि छळ चालू असतानाचा फोन, यातले दुसरे काम आपण फार कमी करतो. या शाखेतला छळ ओळखणे कठीण असते, कारण तो कामाच्या वेषात येतो. शस्त्रक्रियेला हात लावू न देणे, सतत कारकुनी कामे देणे, ड्युटी लावतानाच दुजाभाव करणे, जेवायला न सोडणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन चेष्टा करणे. विचारले तर उत्तर मिळते, 'गायनिकमध्ये सगळ्यांचेच असे होते.' काही अंशी ते खरे असते, म्हणूनच जातीचा भाग त्यात लपून जातो. सर्वांना होणारा त्रास आणि हिलाच होणारा त्रास वेगळा करायचा तर नोंदी लागतात. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होते.

कायदा काय देतो ते नीट समजून घ्या. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ नुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. टाळाटाळ केली तर प्रमुखालाच चिथावणी देणारा मानता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम त्याशिवाय आहेत. अखिल भारतीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ॲट्रॉसिटी कायद्यातील जातीवाचक अपमानाच्या कलमांना लोकांच्या नजरेसमोर घडल्याचा पुरावा लागतो. बंद खोलीत, साक्षीदार नसताना झालेल्या अपमानाला ती लावणे अवघड जाते. म्हणून मेसेज पुसू नका आणि तोंडी तक्रारीवर समाधान मानू नका. पोहोच घ्या.

कामाच्या तासांबाबतही कागद आपल्या बाजूने आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांविषयीच्या आदेशात साधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत वाजवी तास, विश्रांती, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवस किरकोळ रजा आहे. प्रत्यक्षात प्रसूतिकक्षात चोवीस-छत्तीस तास सहज होतात. निवासी डॉक्टरांची 'मार्ड' ही संघटना यासाठी वेळोवेळी संप करते. त्या संपाच्या वेळी 'डॉक्टर माजले' म्हणणाऱ्यांत आपणही असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छत्तीस तासांच्या ड्युटीवरील निवासी डॉक्टरवर जे झाले, त्यानंतर तरी झोपायला कडीची खोली मागणे ही चैन वाटू नये.

मला रात्री अडीचला फोन करणारी मुलगी आता जेआर-२ आहे. आम्ही तिच्यासाठी फार काही केले नाही. चौघींनी वार वाटून घेतले आणि रोज एकीने तिला फोन करायचा असे ठरवले. दोन वेळा तिच्या आईला सोबत घेऊन वसतिगृहावर गेलो, वॉर्डनना भेटलो, विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला आणि पोहोच घेतली. रँक विचारणे बंद झाले. ड्युटी तेवढीच आहे. गेल्या महिन्यात तिने पहिले सिझेरियन स्वतः केले, तेव्हा फोनवर बराच वेळ फक्त बाळाचे वजन सांगत होती. तिची जिल्हा निवासी पोस्टिंग लवकरच लागेल. बीड मिळावे म्हणून ती अर्ज करणार आहे, आणि आमच्या आशाताईंनी तिचा नंबर आतापासूनच मागून घेतला आहे.